आबांची सयामी
मांजरांचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या सासूबाई, अक्का, गेल्या आणि भडगावला सासरे, आबा, एकटे राहिले. बोलणंच सोडलं त्यांनी. तेव्हा आम्हाला महिनाभर बाहेर जायचं होतं, म्हणून आमची सयामी मांजर त्यांच्याकडे ठेवली. सडपातळ अंग, लांब पाय, काळं तोंड, निळे डोळे.

आबांनी एवढंच विचारलं, "आजारी शे का?"

"नाही आबा, या जातीची अंगकाठीच अशी. फक्त सारखी ओरडते. तिला ओ देत जा, नाहीतर ती खंगते."

परत आलो तर दाराबाहेरच आबांचा आवाज आला. मांजर लांब सूर काढायची, आबा थांबून ऐकायचे, मग बोलायचे. "तुनी अक्का ऱ्हाती ना, ते तुले मांडीवर लिसन बठती."

अक्का गेल्यापासून आबांनी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

शेवटी नवरा आत गेला. "आबा, हिला न्यायला आलोय."

"लई जा," आबा म्हणाले. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "पन तुम्ही दोन्ही दिवसभर कामले जातस. तठे हिनासंगे बोलई कोन?"

नवऱ्याने मांजरीची टोपली उचलली आणि रिकामीच गाडीत नेऊन ठेवली.