कुंचला खाली ठेवण्याआधी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर बसलेले रुग्णालयाचे मोठे डॉक्टर, पाणीखात्याचे साहेब, बेकरीचे मालक, समोर जमलेले आमच्या चिन्हशाळेतले आजी-माजी सहकारी आणि त्यांची घरची मंडळी, पहिल्या रांगेत खिडकीशी बसलेला माझा थोरला भाऊ, आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या वहिनी,

आपणा सर्वांना मनापासून नमस्कार.

माझ्याआधीची मंडळी फार सुंदर बोलली. त्यामुळे चांगले शब्द सगळे वाटून झाले आहेत, आणि उरलंसुरलं माझ्या वाट्याला आलं आहे. माझी तक्रार नाही. घरच्या माणसाला शेवटच्या पंगतीची सवय असते.

जे पाहुणे आमच्याकडे पहिल्यांदा आले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. आम्ही खुणा काढतो. टाकीवर एक खूण काढली की टाकी गळत नाही. भट्टीच्या तोंडावर काढली की आच आत राहते. रुग्णालयाच्या दारावर काढली की रस्त्यावरचा गोंगाट उंबऱ्याशीच थांबतो. खूण म्हणजे शेवटी काय, तर कुंचल्याची एक रेघ. पण ती रेघ काढणाऱ्याच्या हातात जोवर कुंचला आहे, तोवरच जिवंत राहते. निवृत्तीच्या दिवशी शेवटचं भाषण संपलं की सत्कारमूर्ती आपला कुंचला या टेबलावर ठेवतात, आणि त्या क्षणी त्यांनी आयुष्यभर काढलेल्या सगळ्या खुणा नुसत्या रेघा होतात. शेवटचं भाषण माझं आहे. म्हणून मी मघापासून पाणी पीत, चष्मा पुसत, जरा रमतगमत बोलतो आहे. अध्यक्ष महोदयांच्या ते लक्षात आलं आहे. त्यांनी घड्याळाकडे बघितलेलं मीही बघितलं.

आता तुम्ही म्हणाल, यात काळजीचं काय? वहिनींच्या खुणा दुसऱ्या हातांनी गिरवून घ्यायच्या होत्या, त्या आम्ही हिवाळाभर गिरवल्या. टाक्या झाल्या, रुग्णालय झालं, भट्टी झाली. साहेब, तुमचं पाणी उद्याही नळाला येईल, निश्चिंत असा. राहिली आहे ती एकच खूण. ती वहिनींच्या स्वतःच्या घराच्या दारावर आहे.

ती परतीची खूण आहे. दादाला, माझ्या भावाला, गेली काही वर्षं आठवत नाही. आपलं घर कुठलं, हे तो बाजाराच्या कोपऱ्यावर विसरतो. फिरायला जाणं मात्र विसरत नाही. हा माणूस आयुष्यभर पायी हिंडला, त्याला घरात कोंडायचं कसं? मग वहिनींनी दारावर खूण काढली, आणि दादा कुठेही गेला तरी संध्याकाळी बरोबर दारात येऊ लागला. त्याच्या जोरावर वहिनी इथे दिवसभर काम करू शकल्या. आपल्या शहराच्या भिंती उभ्या आहेत त्यात त्या दाराचाही वाटा आहे, एवढं मला आज सांगायचं होतं.

ही खूणही गिरवायचा प्रयत्न झाला. हे काम माझंच, म्हणून मी गेलो, दातांत जीभ दाबून, वहिनींच्या रेघेवरून अगदी हुबेहूब कुंचला फिरवला. पण परतीची खूण काढणाऱ्याकडे परत आणते, हे मला इतकी वर्षं या धंद्यात काढूनही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा बाजारातून निघाला तो थेट माझ्या दारात. तिसऱ्या दिवशीही तेच. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला प्रेमाने चहा दिला आणि मला आत बोलावून सांगितलं, की तुमच्या घराण्यातला एक मी सांभाळते आहे, तेवढा पुरे. हसा, हसा. त्याही हसताहेत.

पण दादा हसला नाही. तो खुर्चीत बसला, सगळीकडे नीट बघून घेतलं, आणि मला म्हणाला, "घर छान आहे तुमचं. पण ही कुठाय?" मला तो ओळखत नव्हता. हिला शोधत होता. मी त्याला हाताला धरून वहिनींकडे घेऊन गेलो.

वहिनींनी माझी रेघ पुसून आपली पुन्हा काढली. आमची भाची काढू शकली असती, तिचा हात लहानपणापासून या कामात बसलेला आहे. पण ती राहते दूरच्या शहरात. तिने खूण काढली असती तर दादा हमरस्त्याने तिकडे चालत सुटला असता.

तेव्हा आमच्या समितीने एक वाट काढली. वहिनींनी निवृत्त व्हावं, पण कुंचला ठेवू नये. नावाला हातात राहू द्यावा, म्हणजे ती एक खूण जिवंत राहील. नियमात बसत नाही, पण नियम आम्हीच केलेत, वाकवूही आम्हीच. सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या समितीचं एकमत होणं ही केवढी गोष्ट आहे, हे इथल्यांना सांगायला नको.

वहिनी नाही म्हणाल्या.

कारण त्यांचा हात थरथरतो. बेकरीचे मालक भला माणूस, सौजन्याने बोलले नाहीत, म्हणून मी बोलतो. वहिनींनी भट्टीची खूण शेवटची काढली तेव्हा ती थरथर रेघेत उतरली, रेघेतून आचेत उतरली, आणि पाव पट्ट्यापट्ट्यांचे निघाले. एक पट्टा करपलेला, एक कच्चा. त्यांनी ते नवीन प्रकार म्हणून विकले आणि कधी शब्द काढला नाही. मालक, आम्ही तुमचे ऋणी आहोत.

दारावरच्या नव्या रेघेतही तीच थरथर आहे. दादा आता सरळ येत नाही. थोडा पुढे येतो, थोडा मागे जातो. गेल्या महिन्यात भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध त्याचं हे पुढे-मागे चाललं होतं. पोस्टमनने बघितलं म्हणून बरं. वहिनींनी त्याचे पाय चेपले आणि ठरवलं, की आता कुंचला ठेवायचा.

मी काल त्यांच्याकडे गेलो होतो. वाद घालायलाच गेलो होतो. म्हटलं, वहिनी, उद्या दादा बाहेर पडला आणि आलाच नाही तर? तुम्ही काय कराल? मी काय करेन? माझा आवाज चढला होता. त्या भाजी निवडत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "ह्यांना खूण का लागायची? मी घरी नसायचे म्हणून. आता मी असणार. ह्यांच्याबरोबर मीही फिरेन. हरवलो तर दोघं मिळून हरवू, आणि कुणाला तरी विचारत घरी येऊ."

मी समोर बसून त्यांच्याबरोबर उरलेली भाजी निवडली. रात्रभर तेच मनात घोळत होतं, आत्ता बोलता बोलताही तेच घोळतं आहे. खरं सांगतो, मला अजून भीती वाटते. भाऊ आहे माझा. पण वहिनींना भीती वाटत नाही, हे मी काल डोळ्यांनी पाहिलं, आणि या विषयात त्यांचा अधिकार माझ्याहून मोठा आहे.

अध्यक्ष महोदयांनी मला एवढा वेळ दिला, त्यांचे आभार. सहकाऱ्यांनी ज्या मायेने खुणा गिरवल्या, त्याबद्दल त्यांचे आभार, आणि पोस्टमन मागे उभे आहेत, त्यांचे सगळ्यांत जास्त. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जरा जास्त झाली असेल, तर आपला समजून पोटात घाला.

वहिनी, मी थांबतो. तुम्ही कुंचला ठेवा.

आणि दादा, ऊठ, जरा पुढे ये. ही उतरते आहे. पायऱ्या उंच आहेत, हात धर तिचा. हल्ली थरथरतो तो.