हलू नकोस

मुलगी : फोटो पुन्हा तसाच. टेबलाच्या लाकडाची शीर न् शीर दिसतेय, भिंतीचा पोपडा दिसतोय, आणि मध्ये रांजण तेवढा धुरकट. कुणी ओल्या बोटानं पुसून काढल्यासारखा.

मावशी : माझा चष्मा भट्टीवर राहिलाय. तू म्हणतेस ते खरं.

मुलगी : सकाळपासून हेच चाललंय, मावशी. कॅमेरा बाबांचा, ट्रायपॉड बाबांचा, खिडकी तीच, पडदा तोच. तुमची इतकी भांडी टिपली त्यांनी, एक तरी असं आलं का कधी?

मावशी : बगळा होता तुझा बाप. त्याच्यापुढं हलायची टाप होती कुणाची?

मुलगी : हलायला रांजणाला पाय आहेत का? आणि हादरा बसला असेल तर टेबलही हललेलं दिसायला हवं ना.

मावशी : टेबल कशाला हलेल? टेबलाला कुणाची वाट बघायची नाहीये.

मुलगी : असलं काही बोलू नका हो. आधीच माझ्या अंगावर काटा आलाय.

मावशी : मग बस जरा. आल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घालतेयस. मला चक्कर यायला लागली.

पेटीवाला : बाई, रांजणाची पेटी दाराशी लावलीय. पेंढा अंथरलाय, वर भुसा टाकतो. उजेड आहे तोवर निघू द्या मला. गाडी म्हातारी आहे, अंधारात तिला दिसत नाही.

मुलगी : एक फोटो, भाऊ. एकच राहिलाय.

पेटीवाला : ताई, सकाळी आलो तेव्हाही एकच राहिला होता.

मुलगी : तुम्ही नेऊन पोचवलात की घेणारा त्याला आतल्या खोलीत ठेवणार. पुन्हा तो कुणाच्या दृष्टीला पडायचा नाही. बाबांच्या फोटोंच्या पुस्तकाचं शेवटचं पान त्याच्यासाठी कोरं सोडलंय. तो फोटो आज निघाला नाही, तर त्यांचं पुस्तक तसंच कोरं संपेल.

पेटीवाला : काढा मग. पण एक सांगा, हा सरकवला कुणी?

मुलगी : कुणी नाही. आम्ही हातसुद्धा लावला नाही.

पेटीवाला : मी बुडाभोवती खडूनं रेघ मारून ठेवली होती, उचलताना मध्य सापडावा म्हणून. ही बघा रेघ, आणि हा बघा रांजण. दोन बोटं बाहेर आलाय. त्या काळ्या पडद्याच्या अंगाला.

मावशी : तुझी रेघच वाकडी असेल.

पेटीवाला : बाई, मी लोकांचे आरसे नेतो, झुंबरं नेतो. माझी रेघ वाकडी नसते. मी गाडीत जाऊन बसतो. इथं थंडी वाजतेय मला.

मावशी : भट्टीशेजारच्या खोलीत थंडी?

पेटीवाला : म्हणून तर जातो.

मुलगी : गेला बिचारा. त्याला घाबरवलंत तुम्ही.

मावशी : मी कुठं काय बोलले? बोलला तो रांजण.

मुलगी : खरं सांगा मावशी. याचं काय आहे? बाकीच्या भांड्यांचं असं नव्हतं.

मावशी : हा कच्चा होता ना, तेव्हा तुझा बाप, तो बगळा, बघून गेला होता याला. चाकावरून उतरवून मी नुकताच सावलीत ठेवलेला. माझ्या हातांचा हा शेवटचा रांजण, हे त्याला मी सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं. किती तरी वेळ समोर मांडी घालून बसला. उठताना याच्या काठावर हात ठेवून म्हणाला, भाजून निघालास की येतो. मला म्हणाला नाही गं, याला म्हणाला.

मुलगी : आणि नंतर...

मावशी : नंतर तू तो गेल्याचा निरोप धाडलास. भट्टी लावायचा धीर होईना मला. लावली शेवटी. हा बाहेर आला तो असा, काळा, आरशासारखा. एवढी झिलई मी आयुष्यात कुणावर चढवली नव्हती. आपोआप चढली म्हण.

मुलगी : आणि झिलई चढली की बाबांचा पडदा आलाच. मला लहानपणी वाटायचं, ते पडद्यामागं लपून काहीतरी चोरतात.

मावशी : चोरायचाच तो. भांड्यात मी दिसलो तर तो माझा फोटो झाला, भांड्याचा कुठला, असं म्हणायचा. म्हणून काळं कापड टांगायचं, खाली भिंगापुरतं एक छिद्र, वर डोळ्यापुरतं एक. एकदा पडदा घसरला नि एका किटलीच्या पोटात त्याच्या चपलेचा अंगठा आला. चार दिवस तोंड पाडून हिंडत होता.

मुलगी : तो अंगठा तरी ठेवायचा होता. घरात त्यांचा एक फोटो नाही, मावशी. माझी पोरगी विचारते, आजोबा कसे होते. मी सांगायला तोंड उघडते आणि मला त्यांचा पडदाच आठवतो.

मावशी : मिशीत हसायचा, असं सांग तिला.

मुलगी : मिशी होती त्यांना?

मावशी : तू लहान होतीस तेव्हा होती. पुढं त्याच्या मिशीचा केस एका कपाच्या झिलईवर पडला, तशी काढून टाकली त्यानं.

मुलगी : बघा. मिशीसुद्धा भांड्यांनाच दिली. आणि माझे फोटो बघितलेत का कधी? वाढदिवसाला मला नवा फ्रॉक घालून उभं केलं, हलू नकोस म्हणाले. फोटोत मी म्हणजे नुसता पांढरा ढग. आणि मागची फुलदाणी? तिच्यावरची माशीसुद्धा मोजून घ्यावी अशी. मग त्यांनी माझे फोटो काढायचेच सोडून दिले.

मावशी : तू थांबायची नाहीस ना.

मुलगी : लेकरू होते मी. फुलदाणी नव्हते.

मावशी : हो गं बाई. तो दिवा लावायचा नाही, खिडकीच्या उजेडावर काढायचा. त्याचं भिंग उघडं राहायचं ते राहायचंच. भांडी दिवसभर थांबतात, म्हणायचा, पोरगी पापणी लवेपर्यंत थांबत नाही. तक्रार नव्हती ती. मिशीत हसायचा, म्हटलं ना.

मुलगी : तुम्हाला सांगायचे. मला कधी नाही.

मावशी : तू थांबायची नाहीस ना ऐकायला.

मुलगी : मावशी...

मावशी : बरं, ते राहू दे. उजेड चाललाय. मला सांग, फोटो काढण्याआधी तू याला म्हणालीस का?

मुलगी : काय?

मावशी : हलू नकोस.

मुलगी : रांजणाला?

मावशी : मग कुणाला? तो प्रत्येक भांड्याला म्हणायचा. दाढीच्या ब्रशनं धूळ झटकायची, फिरवून फिरवून त्याचं तोंड शोधायचं, मग म्हणायचं. मी हसायचे, म्हणायचे, अरे बगळ्या, गोल भांड्याला कसलं तोंड? तर म्हणायचा, तू त्याला पाठीनं ओळखतेस, मी तोंडानं.

मुलगी : ठीक आहे. बाहेरच्या भाऊंनी ऐकलं तर भाडं न घेताच पळून जातील. मी पडद्यामागं जाते. स्टूल लागणार मला, वरचं छिद्र बाबांच्या उंचीचं आहे. हं. हलू नकोस. दाबते बटण.

मावशी : आलं का?

मुलगी : नाही. आणखीच वाईट. आता तर तो एका बाजूला झुकल्यासारखा दिसतोय. पडद्याकडं.

मावशी : फर्मान सोडलंस तू. असं पडद्याआडून कुणी ऐकतं का? पुढं ये. त्याच्या जवळ जा. काठावर हात ठेव, आणि तुझ्या पोरीला झोपवताना बोलतेस तसं बोल.

मुलगी : आणि बटण कोण दाबणार?

मावशी : आधी बोल तर. मग जा पळत, तुला पळायला सांगावं लागत नाही.

मुलगी : आले. ठेवला हात. मावशी, हा कोमट आहे.

मावशी : उन्हानं असेल.

मुलगी : या टेबलावर ऊन येतच नाही. बाबांनी ते तसं बघूनच ठेवलंय ना इथं.

मावशी : मग आहे कोमट. काढू नकोस हात.

मुलगी : मी दिसतेय यात. केस किती विस्कटलेत माझे. तुमचं चाक दिसतंय, खिडकी दिसतेय. मागं पडदा. पडद्याच्या वरच्या छिद्रातून पलीकडच्या खिडकीचा उजेड येतोय, टाचणीच्या डोक्याएवढा. किती स्वच्छ दिसतं सगळं. बाबा हेच बघत असतील का?

मावशी : बोल त्याला.

मुलगी : थांबा. तो उजेड गेला.

मावशी : कुठला?

मुलगी : वरच्या छिद्रातला. मावशी, तुम्ही पडद्यामागं जाऊ नका हं, ट्रायपॉडला धक्का लागेल.

मावशी : मी चाकापाशीच आहे, पोरी. माझे गुडघे मला एवढ्या झटकन उठू देतील का?

मुलगी : मग आत्ता बोललं कोण?

(पडद्यामागं कॅमेरा उघडल्याचा आवाज. बऱ्याच वेळानं मिटल्याचा.)

मावशी : काय ऐकलंस?

मुलगी : हलू नकोस. तुम्ही म्हणालात.

मावशी : मी नाही म्हणाले.

मुलगी : हळू होता आवाज. अगदी कानाशी. मला वाटलं, तुम्ही... मावशी, बटणाची वायर तिकडं कॅमेऱ्याखाली पडलीय. बटण माझ्या हातात नाहीये.

मावशी : दिसतंय मला. तेवढं चष्म्याशिवायही दिसतं. जा, कॅमेऱ्यात बघ.

मुलगी : तुम्ही या ना माझ्याबरोबर.

मावशी : आले. धर हात. हं, मागं कुणी नाहीये. आहे का कुणी? नाही. बघ आता.

मुलगी : रांजण आलाय. स्वच्छ. काठाखाली तुमच्या अंगठ्याचा दाब आहे, तोही दिसतोय.

मावशी : तो मुद्दाम ठेवला होता मी. आणि?

मुलगी : काठावर माझा हात आहे. आणि मी. मावशी, मी पूर्ण आलेय. माझी पापणी दिसतेय, बघा, एकेक केस. पण हा रांजणाचा फोटो कुठं राहिला? पुस्तकात यात मी कशी चालेन?

मावशी : ज्यानं काढला त्याला चालली. मी कोण, नि तू कोण, नको म्हणणारे?

मुलगी : लहानपणी म्हणाले तसंच म्हणाले. अगदी तसंच.

मावशी : फक्त आज तू ऐकलंस.

पेटीवाला : बाई, आता खरंच उचलतो. अरे वा, रेघेत आणून ठेवलात होय? बरं केलंत. मला उगाच घोर लागला होता.

मावशी : उचल, भाऊ. सावकाश ने. पोरी, तूही निघ, नाहीतर तुझी बस चुकेल.

मुलगी : चुकू दे. मी जरा वेळ इथंच बसते. अशीच.