मिठाची गोणी, फुलांची परडी

मोतीबाई : रेडिओवरचं तुमचं गाणं वाईट कायले म्हणू? गळा गोड हाय तुमचा, मास्तरीणबाई. पेटी चांगली वाजली, तबला बी. सारा तांडा ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी बसला होता, एक लेकरू रडलं नाही. पण मले हे सांगा, इतल्या उन्हात दारव्ह्याहून तुमी आल्या काहून?

कोकिळा : एक गोष्ट कबूल करायची आहे तुमच्यापाशी.

देवसिंग : आधी बसू तं दे बाईले. मी बाज टाकतो निंबाखाली. पानी दे.

मोतीबाई : पानी देल्लं मी. तुमी तुमची दोरी वळा.

कोकिळा : मोतीबाई, गाण्याआधी रेडिओवर नाव सांगतात. ते ऐकलं असेल तुम्ही.

मोतीबाई : ऐकलं. 'गीत आणि चाल, कोकिळा ढोले.' तांड्याच्या नायकानं बी ऐकलं. थो मले म्हणे, मोती, तुह्या गाण्याचा बाप बदलला व.

कोकिळा : त्यात रेडिओवाल्यांची चूक नाही. त्यांनी कागद दिला होता भरायला. गाणं कोणाचं, चाल कोणाची. मी दोन्ही ठिकाणी माझंच नाव लिहिलं.

देवसिंग : काहून?

कोकिळा : मोह झाला, काका. शाळेत पोरींना कविता शिकवणारी बाई, नागपूरच्या रेडिओवर कोण ओळखणार? वाटलं, माझं म्हटलं तर मान मिळेल.

मोतीबाई : मिळाला?

कोकिळा : मिळाला. हेडमास्तरांनी पेढे वाटले. मला एक पेढा खाता आला नाही.

मोतीबाई : पेढा खायचा होता. हे पाहा बाई, नावाचं मले काही नाही. आमच्या इथं गाण्याले नाव कोन लावते? पण तुमी थ्या गाण्यात फुलं कुठून आणली, थे सांगा.

कोकिळा : फुलं?

मोतीबाई : 'माये गं, फुलांची परडी परक्या दारी ठेवलीस.' असंच म्हटलं ना? मी म्हणतो, 'याडी ये, कापसाचा बोजा बांधला तसं मले बांधलं, गाडीत घातलं.' आमच्या बोलीचं तुमी मराठी केलं, थे ठीक. कापसाची फुलं कशी केली?

कोकिळा : मला वाटलं, रेडिओवर बोजा कसा म्हणायचा? नवरी मुलगी आईच्या गळ्यात पडून हे गाते. तिथं गाडी, बोजा, दोरखंड... गाण्यात फुलं बरी दिसतात.

मोतीबाई : फुलं हलकी असतात, बाई. पोरगी जाते तवा हलकं लागते काय कोनाले?

देवसिंग : अन् कापूस कुठं जड असते? माह्या मायचं ऐकलं असतं तुमी, बाई! थे म्हणे, 'मिठाची गोणी बैलावर लादली तसं मले लादलं.' माह्या आज्याचे बैल होते मीठ वाहाचे, तिनं पोरपणी पाह्यलेले. थे 'लादलं' म्हणे ना, तं ऐकणाऱ्याची पाठ वाके. असली गाणं थे. मंग ही आली सून होऊन, अन् इनं मीठ काढलं, कापूस घातला. माय चार दिवस बोलली नाही इच्यासंग.

मोतीबाई : आठ दिवस. पण मी मीठ वाह्यलंच नाही तं मिठाचं कशी गाऊ? माह्या बापाची गाडी यवतमाळच्या जिनिंगले जाय. लहानपणी मी बोज्यावर बसून जावो, अन् थो बोजा उतरवताना बापाची मान कशी फुगे, थे मी पाह्यलेलं हाय. मले जे जड लागलं थे मी म्हटलं. सासू मरताना मले म्हणे, गा. मी मीठ म्हणून सुरू केलं तं हात हालवला तिनं. म्हणे, तुहं म्हण.

कोकिळा : म्हणजे तुम्हीही बदललंच की. मग माझी फुलं...

मोतीबाई : तुमाले फुलं जड लागली काय?

कोकिळा : नाही.

मोतीबाई : मंग झालं.

कोकिळा : माझ्या आईला माझंच आवडतं. मला मात्र तुमचंच. खरं सांगते. एकसष्टच्या खानेसुमारीत मी घरोघरी नावं लिहीत इथं आले, तेव्हा तुमच्या पुतणीचं लग्न होतं. तिला शब्द फुटेना. तुम्ही तिला छातीशी धरलं आणि तिच्या ऐवजी तुम्हीच गायलात. मी त्या दिवशी दोन घरं चुकीची लिहिली कागदावर.

देवसिंग : तरीच! आमच्या घरात तीन बैल अन् एकच माणूस निघालं असन सरकारात.

कोकिळा : मी नुसती कबुली द्यायला नाही आले, काका. एक पत्र आलंय. रेडिओच्या पत्त्यावर आलं होतं, त्यांनी माझ्या शाळेत पाठवलं. गाणं माझं नाही, हे ओळखणारी बाई आहे कोणी. तिनं तुमचंच ऐकलेलं असावं. वाचू?

मोतीबाई : वाचा. मी तूर पाखडता पाखडता ऐकतो.

कोकिळा : अक्षर दुसऱ्या कोणाचं दिसतं, सांगून लिहून घेतलेलं. 'बाईस नमस्कार. सोमवारी हॉटेलातल्या रेडिओवर तुमचं गाणं ऐकलं. आवाज चांगला आहे. पण गाणं तुमचं नाही. ज्या बाईचं आहे तिला मी ओळखते. ती याडी म्हणते, तुम्ही माये म्हणता. माये म्हणताना ओठ मिटतात. याडी म्हणताना तोंड उघडंच राहते. रडणाऱ्या पोरीला ओठ मिटता येत नाहीत.'

देवसिंग : वा! बराबर बोलली.

कोकिळा : 'दुसरं, बांधलं या शब्दाच्या पुढं ती बाई थांबते. तुमच्या गाण्यात त्या जागी पेटी वाजते. तिथं काही वाजवायचं नसते. तिथं पोरगी मागं वळून घर पाहते. तिसरं, तुमची फुलं खोटी आहेत.'

मोतीबाई : पाहा! मी काय म्हटलं? कोन हाय ही बाई?

कोकिळा : पुढं ऐका. 'मी स्वतः कापूसही म्हणत नाही. इथं खाणीवर आम्ही कोळसा भरतो. माझी पोर दहा महिन्यांची आहे, तिला झोपवताना मी कोळशाची पाटी म्हणते. हे गाणं लग्नात म्हणायचं असते, पाळण्यापाशी नाही, ते मला माहीत आहे. पण माझ्या लग्नात मला म्हणता आलं नाही. गळ्यात पडायला कोणी नव्हतं. तर ज्या बाईचं गाणं आहे ती तुम्हाला भेटली तर तिला विचारून कळवा, की कोळसा चालते की नाही. चालत नसेल तर मी म्हणणार नाही. रुपीबाई उकंडा, राजूर.'

(मोतीबाई सूप खाली ठेवते.)

मोतीबाई : खालचं पुन्हा वाचा. नाव.

कोकिळा : रुपीबाई उकंडा, राजूर. ओळखीची आहे का?

देवसिंग : आमची पोट्टी हाय, बाई.

मोतीबाई : तुमी बोलू नका.

देवसिंग : चार साल नाही बोललो. आज बोलतो. लहानी पोट्टी आमची, रुपी. रस्त्याच्या कामावर उकंडा नावाचा पोरगा होता, थो आमच्यातला नोहता. त्याच्यासंग गेली. नायकानं पंच बसवले. इनं साऱ्या तांड्यासमोर सांगितलं, तिच्यासाठी माह्या तोंडून गाणं निघणार नाही.

कोकिळा : मला माहीत नव्हतं. खरंच सांगते. मला वाटलं, कोणी जुनी ओळखीची असेल.

मोतीबाई : चार गावच्या पोरींले मी हे गाणं शिकवलं, बाई. त्यायले म्हणो, मोकळ्या गळ्यानं रड, माय-बापाले चार गोष्टी सुनव, हा एकच दिवस हाय तुह्या हक्काचा. अन् माह्या पोरीले थो दिवस मी देल्ला नाही. पाच सालाची होती, तवा बाहुलीच्या गळ्यात पडून म्हणे. 'बांधलं' म्हणून थांबे, बराबर माह्यासारखी. थे थांबणं मी तिले शिकवलंच नोहतं.

देवसिंग : मोती, अजून एक सांगतो. रागवजो, पण ऐकून घे. मागच्या साली मी वणीले बैलबाजाराले गेलतो ना?

मोतीबाई : रिकाम्या हातानं आलते. म्हणे, बैल पटला नाही.

देवसिंग : बैल पाह्यलाच नाही मी. तिथून पुढं राजूरले गेलो. भेटलो तिले.

मोतीबाई : सालभर? सालभर हे पोटात ठेवलं तुमी?

देवसिंग : कोनाले सांगू? तिचं नाव काढलं की तू चूल सोडून उठे. खोली हाय त्यायची, पत्र्याची. पोरगा बरा हाय, दारू नाही, काही नाही. माह्या पाया पडला अन् आपल्या हातानं भाकर वाढली. मी जेवलो. पंचायले सांगाचं असन तं सांग.

मोतीबाई : लेकरू पाह्यलं?

देवसिंग : तवा पोटात होतं.

मोतीबाई : माह्याबद्दल काय म्हणे थे?

देवसिंग : एकच इचारलं तिनं. याडी गाते काय अजून? मी म्हटलं, गाते. मंग तिनं तोंड फिरवलं अन् चुलीत फुंकत बसली. धूर नोहता, तरी फुंके.

कोकिळा : मोतीबाई, पाणी देऊ का?

मोतीबाई : नोको. कोळशाची पाटी म्हणे ना थे? थांबा. 'याडी ये, कोळशाची पाटी बांधली...' नाही, पाटी कोन बांधते? भरतात. 'कोळशाची पाटी भरली तसं मले...' तसं मले काय? तसं मले उचललं.

कोकिळा : 'उचललं' चालीत बसतं. एक मात्रा ओढावी लागेल.

मोतीबाई : ओढू द्या. 'डोक्यावर घेतलं.' हां. 'याडी ये, कोळशाची पाटी भरली तसं मले उचललं, डोक्यावर घेतलं...' 'उचललं'पाशी थांबाचं. आता मागं पाह्याचं.

देवसिंग : बसलं की बराबर!

मोतीबाई : माह्यापेक्षा बरं हाय. कापूस दाबला तं दबते. कोळसा दबत नाही.

देवसिंग : तरी मीठ थे मीठच.

मोतीबाई : तुमी मरा मिठाले धरून.

कोकिळा : मग काय कळवू तिला? चालते म्हणून? आजच कार्ड टाकते.

मोतीबाई : कार्डात चाल लिवता येते काय, मास्तरीणबाई?

कोकिळा : नाही येत.

मोतीबाई : थे 'कोळशाची पाटी' कशी म्हणते थे ऐकल्याशिवाय मी कशी सांगू, चालते का नाही? तिच्या तोंडून ऐका लागन. यवतमाळहून वणीची यस्टी किती वाजता हाय?

देवसिंग : तू? राजूरले?

मोतीबाई : मंग कोन? तुमाले काय कळते गाण्यातलं, मिठाशिवाय?

देवसिंग : नायक काय म्हणल?

मोतीबाई : नायकाले मी आताच सांगून येतो. त्याच्या नातीचं लग्न हाय आखाजीले. तिले गाणं कोन शिकवते थे इचारतो त्याले. आपल्या पोरीले भेटाले गेलेली बाई चालन का नाही, थे बी इचारतो. मंग पाहू पंच किती बसतात.

कोकिळा : सकाळी सातला दारव्ह्याहून यवतमाळची गाडी असते. तिथून वणीची साडेनऊला. मी येते तुमच्यासोबत.

मोतीबाई : तुमाले शाळा नाही?

कोकिळा : एक दिवस रजा काढीन. तिनं माझ्या तीन चुका काढल्या आहेत, मोतीबाई. त्या सुधारून घ्यायच्या आहेत मला. पुढच्या महिन्यात नागपूरला परत बोलावलंय. हेच गाणं म्हणायचं असेल तर पेटी कुठं थांबवायची ते नीट कळलं पाहिजे. आणि तुम्ही आलात माझ्यासोबत तर तुम्हीच म्हणा. मी मागं तंबोऱ्यावर बसते.

मोतीबाई : बंद खोलीत, थ्या डब्यासमोर? कोनाच्या गळ्यात पडून म्हणू तिथं?

कोकिळा : दोघींना बोलावतील. मी पत्र लिहिते त्यांना. मायलेकी आहेत म्हणून कळवते.

मोतीबाई : आधी पोरगी घरात घेते का थे तं पाहू दे, पोरी. हे नागपूर-फागपूर मंग. अहो, थ्या कोनाड्यातून माहा कशिद्याचा झबला काढा. पुतणीच्या लेकराले शिवला होता, त्याले आखूड झाला. दहा महिन्याच्या पोट्टीले होईन का नाही?

देवसिंग : होते. मी तिच्या बापाचे खांदे पाह्यले, पोट्टी लहान नसन. जरा उसवून घे बाजूनं.

मोतीबाई : बसून उसवतो. बाई, थ्या कागदात पोट्टीचं नाव लिवलं नाही काय तिनं?

कोकिळा : नाही. 'माझी पोर' एवढंच आहे. कार्ड टाकून विचारून घ्यायचं का आधी?

मोतीबाई : नोको. राहू द्या. तिथंच ऐकतो.