वरीस पुरं होईस्तवर

किशोर : थांबा मावशी, थांबा. परत पयल्यापासून घेऊ. तुमी सारख्या त्या कोंबड्यांकडं बघताय.

बुधी : वाळवणात शिरतात रं त्या. चार पायल्या नाचणी हाय, ती पण त्यांनीच खायाची का?

किशोर : दोन मिनिटांचं काम हाय. मी मोबाईल धरतो, तुमी माझ्याकडं बघून बोला. सांगा की मी बुधी पोशा उघडे, कशेळ्याच्या वरच्या वाडीत राहते. तो पिक्चर खोटा हाय. माझ्या पोरीला भुतानं नेलेलं नाय. माझी पोरगी ज—

बुधी : घेऊ नको!

किशोर : चुकलं. चुकलं, मावशी.

बुधी : किती डाव सांगितलं तुला. वरीस पुरं होईस्तवर नाव घ्यायाचं नाय तिचं. ती वाटंवर हाय. हाक ऐकली की मागं बघते, आन् मागं बघितलं की पुढची वाट इसरते. शेजारी गोदाची बारकी पोर हाय, तिचं नाव पण तेच. आषाढापासून आख्खी वाडी तिला नुसतं 'पोरी' म्हणते. ती पाच वरसांची चिमुरडी पण 'ओ' देते त्याला. तुलाच कसं कळंना?

किशोर : कळतं हो. पण नाव नाय घेतलं तर लोकांना समजणार कसं, कुणाबद्दल बोलताय ते? पिक्चरमदी तेच नाव हाय.

बुधी : म्हून तर तुला बोलावला. पिक्चरमदलं नाव काढ म्हून. तू तर हितं येऊन दुसराच पिक्चर मांडलास.

किशोर : काढायचं माझ्या हातात असतं तर कवाच काढलं असतं. मी साधा हळदी-लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. त्यांनी मला हिकडची वाट दाखवायला घेतलं होतं, माणसं जमवायला, जेवणाचं बघायला. पिक्चर काढणाऱ्या जितेश सरांना चार वेळा फोन केला मी. पाया पडतो म्हटलं, तेवढं नाव काढा. तर म्हणाले, किशोर, नाव काढलं तर पिक्चरमदी उरतं काय?

बुधी : असं बोलला?

किशोर : असंच. अन् म्हणाले, ती पोरगी खरंच गेली हे लोकांना कळल्यापासून तर पिक्चर आणखी चाललाय.

बुधी : म्हंजे माझी पोर मेली ते त्याच्या फायद्याचं झालं.

किशोर : मावशी…

बुधी : बोलू दे रं. बोलले तर हलकं वाटतं. पण मला एक समजंना. लोकांना ते खरं वाटतंच कसं? पिक्चर काय कुणी खरा धरतो का? देवाच्या पिक्चरमदी राक्षस मारतात, तर काय कुणी सुतक पाळतं?

किशोर : हा तसा पिक्चर नाय. बनवलाच असा हाय की खरा वाटावा. चार पोरं रानात फिरायला येतात, मोबाईलवर लाइव चालू ठेवतात, अन् हाक मारलेल्या पोरीला भूत नेतं ते लोक तिथल्या तिथं बघतात, असं दाखवलंय. शेवटी लिवलंय की हा मोबाईल रानात सापडला, त्यातलं हे जसंच्या तसं. नटांची नावं नाय, गाणं नाय, काय नाय. कॅमेरा मुद्दाम हलता ठेवलेला. मी म्हटलं पण होतं, साहेब, असं हललेलं आमच्याकडं लग्नात कुणी घेणार नाय. तर हसले.

बुधी : शूटिंग केलं माघात. अंगावर चादरी घेऊन बसले व्हते सगळे. आन् ती गेली आषाढात, लावणी करताना. बांधावर पान लागलं तिला, घोणस व्हती. वढ्याला पाणी, झोळी करून चौघांनी उतरवली, गाडीरस्त्याला पोचायच्या आत सपलं. लोकांना थंडी आन् पाऊस पण येगळा कळंना व्हय?

किशोर : मोबाईलवर बघणाऱ्याला काय थंडी अन् काय पाऊस. तेच तर सांगायचंय आपल्याला. तुमच्या तोंडून आलं की लोक मानतील. परत घेऊ?

बुधी : घे बाबा. तू म्हणतोस तर घे.

किशोर : हां. जरा पदर नीट… नको, असू द्या तसाच. खरा वाटतो.

बुधी : खराच हाय तो.

(पायवाटेनं पाठीवर बॅग घेतलेला एक तरुण अंगणाच्या कडेला येऊन थांबतो.)

हर्षद : दादा, एक मिनिट हं. जनीची जागा इकडूनच वर ना?

किशोर : कसली जागा?

हर्षद : अहो, पिक्चरमधली. म्हणजे पिक्चर आहे की खरं, तेच तर बघायचंय. तिला पुरलंय तिथे उभं राहून तीनदा हाक मारायची म्हणे. जनी, जनी—

किशोर : ए, गप! नाव घेऊ नको.

हर्षद : का? ओह, तुमचं शूट चाललंय. सॉरी, सॉरी. दुसरा भाग का?

किशोर : कसला दुसरा भाग? ही तिची आई हाय.

हर्षद : आई? पण पहिल्या भागात आई नव्हती.

बुधी : व्हते मी. पिक्चरच्या बाहेर व्हते.

हर्षद : वा! भारी बोलता हो तुम्ही. एकदम खरं वाटतं.

बुधी : बाला, तुझं नाव काय?

हर्षद : हर्षद.

बुधी : कुठला तू?

हर्षद : डोंबिवलीचा.

बुधी : आई हाय?

हर्षद : आहे की.

बुधी : तू बाहेर जायाला निघालास, आन् तिला काय आठवलं, तर ती तुला मागून हाक मारते का?

हर्षद : छे, अजिबात नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये म्हणते. आठवलं तरी गप्प बसते, नंतर फोन करते.

बुधी : का मारू नये?

हर्षद : माहीत नाही. वाईट असतं म्हणे. काम होत नाही, काहीतरी.

बुधी : माझी पोर निघालीय रं. लांब निघालीय. आन् तुमी रोज येऊन मागून हाका मारता तिला.

हर्षद : मावशी… तुम्ही खरंच…?

किशोर : घोणस चावली तिला, भावा. एकोणीस वर्षांची होती. पिक्चरमदी काम केलं, पाच महिन्यांनी गेली. भूत नाय, काय नाय.

हर्षद : आईशप्पथ, मला वाटलं हे सगळं त्यांनीच… सॉरी. मावशी, खरंच सॉरी.

बुधी : पाणी पितोस का?

हर्षद : नको. म्हणजे, आम्ही चौघं आलोय. तिघं पुढे गेलेत, वर.

किशोर : मग बोलव त्यांना खाली. फोन लाव.

हर्षद : रेंज नाहीये. इथून जोरात हाक मारली तर… नाही. नको. मी पळत जातो, घेऊन येतो.

किशोर : बघितलंत, मावशी? पोरगा वाईट नव्हता. समजावलं की कळतं लोकांना. म्हणून म्हणतो, व्हिडिओ करू.

बुधी : त्याला माझं तोंड बघून कळलं. आन् ते पण पयल्यांदा नाय. आदी त्याला वाटलं, मी नाटक करते.

किशोर : दहातल्या चौघांना पटलं तरी चौघं यायचे थांबतील.

बुधी : तुझा हा व्हिडिओ किती लोक बघतील?

किशोर : चालला तर लाखभर. पिक्चरचं नाव टाकलं की चालंल.

बुधी : आन् त्यात मी तिचं नाव घेयाचं.

किशोर : एकदाच.

बुधी : मी एकदाच घेयाचं, आन् ते लाख डाव वाजायाचं. ह्याच्या घरात, त्याच्या घरात, गाडीत, हाटेलात. आन् कुणाच्या गळ्यातून? माझ्या. आरं, परक्याच्या हाकंला ती एक डाव थांबंल, एक डाव नाय थांबायची. माझी हाक ऐकली तर थांबल्याबिगर राहील का? भात ढवळत असली तरी पळी टाकून यायची ती.

किशोर : माझ्या हे ध्यानातच नाय आलं.

बुधी : माझ्या तरी कुठं आलं व्हतं? बोलता बोलता आलं. बंद कर ते.

किशोर : केलं. आधीचं पण पुसून टाकतो. हे बघा, गेलं.

बुधी : लई आठवण येते रं तिची. सकाळी चूल पेटवली की तोंडाशी नाव येतं, आन् गिळते. तिचा बापूस तर रानात जाऊन एकटाच बसतो, घरात बसला तर तोंडातून निघंल म्हून. आमी आईबाप आसून तिचं नाव घेत नाय, आन् जो उठतो तो घेतो.

किशोर : मावशी, तुमाला एक सांगायचंय. दिवाळीपासून सांगीन सांगीन म्हणतोय. तुमी मला हाकललंत तरी चालंल.

बुधी : सांग की.

किशोर : ते नाव पिक्चरमदी मी घालायला लावलं. जितेश सरांनी दुसरं नाव ठरवलं होतं, चंद्रा का काय. पण ती चंद्रा म्हटलं की वळायचीच नाय. मोळी घेऊन सरळ चालत जायची. सात-आठ वेळा झालं. अंधारून यायला लागलं, सगळे वैतागले, एक जण तिच्यावर खेकसला पण. मला कसंतरी झालं. मी म्हटलं, साहेब, तिच्याच नावानं हाक मारा, बरोबर वळंल. तर त्यांना ते इतकं आवडलं की सगळ्या पिक्चरमदी तेच ठेवलं. खरं नाव, खरी वाडी. मी फक्त तिला बोलणी बसू नयेत म्हणून बोललो होतो, मावशी. देवाची आण. पण बोललो मीच. ती गेल्यापासून मला झोप नाय.

बुधी : ठाव हाय मला.

किशोर : काय?

बुधी : तू बोललास ते. तिनंच सांगितलं, त्याच रातीला जेवताना. आये, किशोरदादानं पिक्चरमदी माझं खरं नाव लावलं, म्हणाली. आता सगळ्या मुलखाला माझं नाव समजंल. किती खूश व्हती. मग त्या बारकीला कडेवर घेऊन नाचली, बघ गं, तुझं पण नाव पिक्चरमदी येणार.

किशोर : मग तुमी मला कधी बोलला नाय ते?

बुधी : काय बोलायाचं? तू तिला हौस दिलीस. तिला एवढीच हौस मिळाली सगळ्या जन्मात. त्यापायी तुला शिव्या घालू? घालाव्याशा वाटल्या रं, खोटं कशाला सांगू. त्या पयल्या मुंबईवाल्यांनी येऊन हाका मारल्या तवा वाटलं, खाली कशेळ्याला जावं आन् तुझ्या दुकानाच्या दारात बसून बोंब मारावी. मग तिचं ते नाचणं आठवलं.

किशोर : मी काय करू सांगा. वरीस पुरं व्हायला अजून सात महिने हायत. मी रोज येऊन वाटेवर बसतो. येणाऱ्याला खालूनच परत पाठवतो.

बुधी : आन् तुझं दुकान?

किशोर : बायको बघंल. लग्नं पण आता माघाशिवाय नायत.

बुधी : वाटंवरचे परतवशील. मोबाईलमदले कसे परतवशील?

किशोर : ते नाय माझ्या हातात.

बुधी : मी बघितला नाय तो पिक्चर. सगळ्यांनी बघितला. मला दावायला आणला तर मी उठून गेले, नाव ऐकू येईल म्हून. त्यात ती चांगली दिसते का?

किशोर : लई चांगली दिसते.

बुधी : हाय का तुझ्याकडं?

किशोर : हाय. पण कशाला तरास करून घेताय?

बुधी : ती दिसते तेवढंच दाव. आवाज पार बंद कर आदी. एक शबूद ऐकू येता कामा नये.

किशोर : केला बंद. हे बघा, हितून. रानातलं हाय, शेवटचं. जरा सावलीत धरा, उन्हात दिसायचं नाय.

बुधी : ही तर आपल्या झऱ्याची वाट.

किशोर : हां, तिथंच घेतलं.

बुधी : पाठमोरी हाय. केस कशाला सोडले तिचे? तेल लावून, इंचरून, येणी घालून पाठवली व्हती मी.

किशोर : त्यांना तसं पाहिजे होतं.

बुधी : मोळी मी बांधलेली. बघ, डावा पाय कसा टाकते. काटा भरला व्हता त्या दिशी टाचंत. कुणाला बोलली नाय, घेणार नायत म्हून. आगं हळू चाल, दगड हाय पुढं… गेली बघ बरोबर. तिला काय सांगायाचं, तिच्या पायाखालची वाट. जा बाये. जा अशीच. लांब जा.

किशोर : मावशी, बास का?

बुधी : थांब. आवाज बंदच हाय ना?

किशोर : बंद हाय. तुमीच बघा.

बुधी : कुणी हाक नाय मारली.

किशोर : नाय. कुणी नाय.

बुधी : तरी वळली रं.