मोरोपंत मास्तरांचं घोडेस्वार आरमार

(देवास, आषाढ, शके १८२७. शाळेतील निरोप समारंभात पागेदार जयसिंगराव यांनी केलेलं भाषण.)

सभेचे अध्यक्ष आणि या शाळेचे अधिकारी माननीय बापूसाहेब, मंचावर विराजमान झालेली दोन्ही पात्यांच्या दरबारांची मानकरी मंडळी, ज्यांच्या निमित्तानं आपण इथं जमलो ते मोरोपंत मास्तर, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या माता-भगिनी आणि सभाजनहो,

मास्तरांविषयी दोन गोड शब्द बोला, अशी मला बापूसाहेबांची आज्ञा झाली आहे. पागेदाराच्या तोंडी गोड शब्द! माझा जन्म घोड्यांशी बोलण्यात गेला. तरी प्रयत्न करतो. कडू निघालं तर अध्यक्षांनी घंटी वाजवावी, ती समोर ठेवलेलीच आहे.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट बोलू या. मास्तरांचं वय झालेलं नाही, त्यांना बढतीही मिळालेली नाही. त्यांना काढलं आहे. उद्या दिवस मावळायच्या आत या पातीची हद्द सोडा, असा हुकूम आहे. आणि वर हा झेंडूचा हार! गुन्हा काय? तर त्यांनी आपल्या मुलांना आरमार शिकवलं.

गेल्या वैशाखात जपाननं रशियाचं आरमार त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत बुडवलं. तेव्हापासून मास्तरांच्या वर्गात दुसरा विषय नाही. बापूसाहेब त्यांना म्हणाले, "माळव्यात बसून समुद्राची उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त आहे. मीही तोच विचारला होता. आमच्या पिढ्यांनी जग पाहिलं ते घोड्याच्या पाठीवरून. पाणी म्हणजे नर्मदा, आणि तीही नेमावरला ओलांडण्यापुरती.

मास्तर मला म्हणाले, "पागेदार, सोनकच्छची अफू कुठं जाते?"

"इंदूरवरून मुंबईला."

"आणि मुंबईहून?"

"चीनला."

"मग त्या वाटेवर तोफा कोणाच्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक नको?"

मला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून मी, पिकल्या मिशांचा माणूस, मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसू लागलो. काय काय ऐकलं म्हणता! पोलादी चिलखत घातलेल्या आगबोटी, कोसभर पलीकडे गोळा टाकणाऱ्या तोफा, तारेशिवाय बोटीवरून बोटीला निरोप देणारं यंत्र. रशियाच्या बोटींनी येताना वाटेतल्या कोळ्यांच्या होड्यांना शत्रू समजून गोळे घातले. या युद्धात पाण्यात सोडलेले सुरुंग आजही तरंगताहेत आणि ज्यांचं कोणाशी वैर नाही अशांचे जीव घेताहेत. मास्तर विचारत, "समुद्रावर चौकीदार कोण?" मुलं म्हणत, "ज्याच्या बोटी, तो." मग मास्तर विचारत, "आणि आपल्या बोटी?" त्यावर सगळा वर्ग गप्प होई. बापूसाहेब, तुम्हाला भीती वाटली ती या गप्प होण्याची. खोटं असेल तर सांगा.

(वाजवा घंटी, वाजवा. तोफेशेजारी उभा राहिलेला माणूस आहे मी.)

आता मास्तरांची चूकही सांगतो. मुलांना फळ्यावरून लढाई समजेना, म्हणून त्यांनी घोडे मागितले. परगावच्या पाहुण्यांना सांगायला हवं, की आमच्या देवासात राज्यं दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून बाजाराचा रस्ता. रस्त्याच्या एका कडेला एकाचा हुकूम चालतो, दुसऱ्या कडेला दुसऱ्याचा. इकडे नगारा वाजला की तिकडे वाजलाच पाहिजे. मास्तरांनी दोन्हीकडचे घोडे घेतले, टेकडीखालच्या मैदानात उभे केले, प्रत्येक स्वाराच्या हाती गुलाल दिला, आणि कोणालाही न विचारता या पातीच्या घोड्यांना रशिया करून टाकलं! देवासात राहून इतकं भोळं असावं माणसानं?

रशिया एकामागे एक असा आला. समोरच्या पातीचा जपान त्याच्या तोंडावरून आडवा गेला. आडव्या रांगेतल्या प्रत्येकाला गुलाल फेकता येत होता. रशियाचा मात्र पुढचा एकटाच लढला, मागचे आपल्याच घोड्यांच्या शेपट्या बघत राहिले. "समजलं! समजलं!" म्हणून मुलं नाचली. पुढं हे लाल झालेले घोडे भर बाजारातून परतले आणि बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळली. या पातीच्या रघुजी साईसाला दरडावून विचारलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "सरकार, म्हारा घोडा की काईं गलती? ऊ तो रूस बण्यो थो!"

हुकुमात 'पातीचा अवमान' असं लिहिलं आहे. सभाजनहो, अवमान घोड्यांचा नव्हे. गोऱ्यांचं आरमार आशियातल्या माणसांनी बुडवलं आणि आपल्या मुलांनी त्यावर टाळ्या पिटल्या, हे कोणाला तरी सोसलं नाही. मला त्या टाळ्यांचा अभिमान वाटतो. मीही पिटल्या होत्या.

असो. हुकूम मी नीट वाचला आहे. 'या पातीची हद्द सोडावी' एवढंच त्यात आहे. मास्तर हुकूम पाळतील. माझी पागा समोरच्या पातीत आहे, या दारातून दिसते. अर्धी रिकामीच असते. उद्यापासून आरमाराचा वर्ग तिथं भरेल. आमच्या दरबाराची परवानगी घेतली का? नाही घेतली. काल घरी हे बोललो तर आमच्या घरच्या, रुक्मिणीबाई, मास्तरांसाठी खोली सारवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पागेदारी गेली तर जाऊ दे. मास्तर जाता कामा नयेत." त्यानंतर मला विचार करायला काही उरलंच नाही.

बापूसाहेब, उठू नका, आभार राहिले आहेत. आपण मला बोलायला उभं केलंत, सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक गेलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हातारा समजून पोटात घाला. मास्तरांनी जे शिकवलं त्याची माफी मात्र ना ते मागतील, ना मी.

मोरोपंत, उठा. आणि ज्यांना आपली मुलं शिकवायची आहेत, त्यांनी आत्ता, सगळ्यांच्या देखत, आमच्या मागोमाग रस्ता ओलांडावा.