द्वादशीचं पाणी

नीलकंठ : ग्रीसला नेईन म्हणालो होतो ना? घे. पांढरी पवनचक्की, निळी दारं, ऑलिव्हची झाडं. जपानमधल्या जपानमध्ये ग्रीस. विमानाचं तिकीटसुद्धा काढावं लागलं नाही.

शैलजा : माझे हात बघा. वळ अजून गेले नाहीत.

नीलकंठ : दुकानातल्या आजीबाई सांगत होत्या, ग्रीसमधलं एक गाव या गावाचं बहीण-गाव आहे. दरवर्षी पत्रं येतात तिकडून. ऑलिव्ह खा एक. खारवलेल्या आवळ्यासारखं लागतं.

शैलजा : नको मला. अहो, सकाळी आपण मेलो असतो.

नीलकंठ : असतो. मेलो नाही. योकोहामाहून बावीस दिवस बोट आणली इथवर, ती काय पवनचक्कीवर बसून?

शैलजा : त्या खिंडीत पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. बोट स्वतःभोवती फिरली, दोनदा. तो मच्छीमार भोंगा वाजवत आला नसता, त्याने दोर टाकला नसता, तर...

नीलकंठ : भला माणूस. त्याला एक बाटली द्यायला हवी.

शैलजा : धक्क्यावर तो मला काय म्हणाला माहीत आहे? ‘ओकुसान, बाईसाहेब, आज नऊ वाजता तिथे आम्हीसुद्धा जात नाही. भरतीचा तक्ता पाहिला नव्हता का?’ मी म्हटलं, पाहिला होता. तुमची लाज राखायला.

(फोन वाजतो.)

नीलकंठ : कादंबरी आहे. स्पीकरवर ठेव. बोल गं!

कादंबरी : बाबा, दैजोबु? सगळं ठीक ना? तुमचं लोकेशन सकाळपासून एकाच जागी दिसतंय.

नीलकंठ : ग्रीसला पोचलोय आम्ही.

कादंबरी : काय? आई?

शैलजा : आहे गं. थट्टा करताहेत. मी करते तुला नंतर.

कादंबरी : तुझा आवाज असा काय येतोय? साडेचारला मीटिंग आहे माझी, त्याच्या आधी कर. नक्की हं.

नीलकंठ : पाहिलंस? तिकडे हिगाशी-कसाईत बसून पोरीला उगीच घोर.

शैलजा : नऊची वेळ तुम्ही कशावरून धरलीत?

नीलकंठ : काल तू एकादशी केलीस. म्हणजे आज द्वादशी. तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ, बारा पाऊण नऊ. नऊला भरती पूर्ण, पाणी थांबतं, तेवढ्यात निघून जायचं. श्रीवर्धनला बाबा डोळे मिटून सांगायचे. तुला काय आज सांगतोय हे?

शैलजा : हेच ऐकायची भीती वाटत होती मला.

नीलकंठ : का? चुकलं काय त्यात?

शैलजा : ते श्रीवर्धनचं गणित आहे. आपण इथे आलो त्या वर्षी मी तिथी मोजायला लागले, तर तुम्हीच हसला होतात. म्हणालात, शैलाबाई, इथल्या समुद्राला आपली पाऊणकी येत नाही. इथे दर खिंडीची वेळ वेगळी, ती तक्त्यातच बघायची. सव्वीस वर्षांत तक्ता न बघता दोर सोडला नाहीत तुम्ही. रोज रात्री तांबड्या पेन्सिलीने खूण करता. आत्ता उघडून पाहिलं. काल खूण नाही. परवाही नाही.

नीलकंठ : कंटाळा केला असेन.

शैलजा : सकाळी मला म्हणालात, दिवेआगर दिसलं की डावीकडे घे. मी हसले. तुम्ही थट्टाच इतकी करता हो, मला आता कळेनासं झालंय.

नीलकंठ : असं म्हणालो मी?

शैलजा : म्हणालात.

नीलकंठ : आणि पाणी फिरायला लागलं, तेव्हा मी सुकाणू सोडलं.

शैलजा : मी धरलं.

नीलकंठ : ते आठवतंय. तुझी बोटं पांढरी पडली होती. त्याच्या आधीचं नाही. नांगर कधी उचलला, तेही नाही. शैला, सकाळपासून घाबरलोय मी. म्हणून बडबडतोय.

शैलजा : पहिल्यांदाच झालं हे?

नीलकंठ : मार्चमध्ये एकदा. आपलंच स्टेशन, आणि कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते कळेना. पोलिसाने कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं. तुला म्हटलं, गाडीला उशीर झाला.

शैलजा : जपानमध्ये गाडीला उशीर! आणि मी खरं मानलं.

नीलकंठ : वाटलं, जमिनीवर विसरतोय, पाण्यावर नाही विसरणार. तेच बघायला निघालो.

शैलजा : मला न सांगता, मलाच बोटीत घालून.

नीलकंठ : एकट्याने निघायची हिंमत होईना.

शैलजा : उद्या याहून अरुंद खिंड आहे. मी येणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही. किल्ली द्या.

नीलकंठ : बोट इथेच टाकायची?

शैलजा : धक्क्यावरच्या ऑफिसात बोलून आलेय. महिनाभर ठेवतील. संध्याकाळच्या गाडीने घरी, आणि उद्या डॉक्टर.

नीलकंठ : महिन्यानंतर?

शैलजा : मला नाही माहीत हो.

नीलकंठ : घे. नीट धर. आणि कादंबरीला तूच सांग. मी सांगायला गेलो तर मध्येच काहीतरी विनोद करीन.

शैलजा : सांगते.

नीलकंठ : शैला, घरी गेल्यावर मी विचारेन, बोट कुठे आहे. बहुतेक सारखं विचारेन. विकली असलीस तरी तसं सांगू नकोस.

शैलजा : मग काय सांगू?

नीलकंठ : सांग, रंगाला दिलीय. अजून वाळायचाय.