गोदूबाईचे चमचे

—नाही, नाही, डोळे उघडू नको पूर्णिमा, आत्ताच ठेवले चमचे. थंड लागून राहिले ना? लागू दे. तसं मी साऱ्याच बायकांले सांगते, डोळ्याखाली सूज नको असेल तर जेवणात मीठ कमी, उशी जराशी उंच, डोळे चोळायचे नाही, अन् बदामाचं तेल लावायचं ते या बोटानं—करंगळीच्या बाजूच्या. काहून? या बोटाले जोर नसते म्हणून. इथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जोराचं बोट फिरलं की सुरकुती पडलीच समज. पण हे झालं रोजच्या सुजेचं. तुले कपाटाचं दार लागलं म्हणते तू. हव, लागलं असेल. तुझा नवरा, अभिनव, मले दारातूनच सांगून गेला, ‘दीदी, छह बजे भाई की सगाई है, फोटो में नहीं दिखना चाहिए.’ काय नाही दिसलं पाहिजे, ते नाही बोलला. कपाटाचं दार असतं ना, तर नाव घेतलं असतं त्यानं.

दचकू नको, पडद्यामागं खोकते ते यशवंतराव, माझे मिस्टर. उजवा हात गेला त्यांचा, पायरीवरून पडले—आमच्या साऱ्या ब्राह्मणपाऱ्याले माहीत आहे. चांगले बाबू होते. इथं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तवा त्यांले नव्या मंत्रालयात खुर्ची भेटली. साहेबासमोर बोलता यावं म्हणून जोशीबुवानं पुष्कराजाची अंगठी सांगितली, पहिल्या बोटात. साहेबासमोर तरी कुठं तोंड उघडलं त्यांचं? घरी आले की हात उघडे. हात काही आधीही कमी नव्हता, पण अंगठी नव्हती ना तवा. ही माझ्या डोळ्याखालची रेघ पाहिली तू मघाशी—बायका विचारतात, विनोदिनीताई, आमच्या सुरकुत्या घालवता अन् तुमची कशी राहिली? ती सुरकुती नाही. अंगठी आहे ती.

हे चमचे ना, माझ्या सासूचे, गोदूबाईचे. लग्न होऊन वर्षही नव्हतं झालं, पहिल्यांदा डोळा सुजला माझा. सासूनं फ्रिज उघडला, हे दोन चमचे काढले, मले खाटेवर निजवलं अन् ठेवले. पहिले दोन दिवस थंड, मंग कोमट फडकं, मंग पावडर कुठून कुठवर लावायची, पदर कोणत्या बाजूनं घ्यायचा—सारं तिनं शिकवलं. भिंतीवर नागपूरचा पार्लरचा डिप्लोमा लटकते, तो नंतरचा. चमचे तिच्या लग्नातले, दांडीवर तिचं नाव कोरलेलं, गोदू म्हणून. त्याच दिवाळीत गोल बाजारात गेली अन् भांडेवाल्याकडून खाली माझं नाव कोरून आणलं. तिले वाटलं सुनेले मान दिला. मलेही तेच वाटलं, काय सांगू तुले, मी पाया पडली तिच्या.

मंग काय, मंग तो रविवार. दुपारचे जेवाले बसलो होतो. मीठ कमी, मीठ कमी सांगते ना मी—त्या दिवशी वरणात मीठ कमी पडलं. ताट भिरकावलं त्यांनी, भिंतीवरून वरण ओघळून राहिलं, अन् ते उभे झाले. अजून हात उचलला नव्हता, बरं. अन् पाहते तर सोनिया, माझी पोट्टी, सात वर्षांची, फ्रिजपाशी दोन्ही चमचे घेऊन उभी. मार पडायच्या आधीच घेऊन आली ती. रडत नव्हती. ‘आई, निज,’ म्हणाली.

मंग मले काही दिसलंच नाही—नाही, खोटं काहून बोलू, सारं दिसलं. यशवंतरावांनी टेबलावर हात आपटला, साहेब लोक आपटतात तसा, अन् पाट्यावरचा वरवंटा मी उचलला. एकदा हाणला. हात ओढलाच नाही त्यांनी, पटलंच नाही त्यांले, ही मारीन म्हणून. मंग दुसऱ्यांदा. हाड मोडते तवा ओल्या काडीसारखं वाजते, मले माहीत नव्हतं. अंगठी मांसात रुतली, डॉक्टरले कापून काढा लागली. तिसऱ्यांदा मारला तवा राग नव्हता, नीट पाहून मारला, बोटांवरच. बरं वाटलं मले. आजही वाटते. डॉक्टरले सासूनंच सांगितलं, पायरीवरून पडला—तिले सवय होती, चाळीस वर्षं ती स्वतःच पायरीवरून पडत आली होती. आता त्या हाताचं एकच बोट हलते. हेच, जोर नसलेलं.

हे काहून बोलली मी? सोनिया भिलाईले शिकते, तिच्यापाशीही कधी नाव काढलं नाही. तू काही ऐकलं नाही, समजली?

हॉर्न वाजवते तो अभिनव, बाहेर. वाजवू दे. रडू नको, सूज वाढते. काय म्हणते? पावडर लावून द्या? अन्—चमचे? हे चमचे विकत देता का? घरी फ्रिजात ठेवीन?

म्हणजे पुन्हा लागतील, हे माहीत आहे तुले.

ऊठ. हे वाच दांडीवर. गोदू. विनोदिनी. खाली अजून एका नावाची जागा आहे, दिसते? नाही देत मी. पावडरही नाही लावत, डोळा आहे तसाच राहू दे, तुझ्या आईले दिसू दे. गुढ़ियारीत म्हणाली ना आईचं घर? स्वयंपाकघरातून मागं दार आहे, गल्ली बूढ़ा तालाबावर निघते, तिथं रिक्षा असते. यशवंतरावांच्या समोरून जा लागीन, त्यांच्याकडे पाहू नको. नाही, पाहून घे. हात पाहून घे.

चप्पल? समोरच्या दाराशी आहे तुझी? राहू दे तिथंच. ती दिसते तोवर तो गाडीवर बसून राहीन. माझी घाल. मोठी होते तर होऊ दे. जा.